बेने इस्राएल समाजातील स्वयंसेवा : दहाव्या माणसाचा प्रश्न

गोषवारा : महाराष्ट्रातील बेने इस्राएल या मराठी भाषक ज्यू समाजाची प्रार्थनास्थळे दोन शतकांहून अधिक काळ मुख्यतः समाजबांधवांच्या विनामोबदला सेवेवर चालत आली आहेत. प्रस्तुत लेखात या सेवेचा धार्मिक आधार, तिचे प्रकार आणि संख्याऱ्हासामुळे तिच्यापुढे उभे राहिलेले प्रश्न यांचे विवेचन केले आहे. धन, श्रम आणि ज्ञान या रूपांतील सेवा अंशतः इतरांकडून मिळू शकते. परंतु उपस्थितीच्या रूपातील सेवा समाजाबाहेरून मिळू शकत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : बेने इस्राएल, सिनेगॉग, मिन्यान, स्वयंसेवा, अल्पसंख्याक समाज.

१. प्रास्ताविक

स्वयंसेवा हा शब्द उच्चारताच आपल्यासमोर प्रामुख्याने दोन चित्रे उभी राहतात. पहिले आपत्तीच्या वेळचे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा शहर, नदीपलीकडील कारधा आणि काठावरील अनेक गावांची दाणादाण उडविली. अशा प्रसंगी कोणी बोलावण्याची वाट न पाहता माणसे माणसांच्या मदतीला धावतात आणि पाणी ओसरले की आपापल्या कामाला लागतात. दुसरे चित्र योजनाबद्ध सेवेचे. १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवक विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास नियमित सेवा करावी, अशी अपेक्षा असते. येथे सेवेला तासांचे माप आहे, नोंदवही आहे आणि प्रमाणपत्रही आहे.

स्वयंसेवेचा तिसरा एक प्रकार या दोहोंहून भिन्न आहे. तो आपत्तीची वाट पाहत नाही आणि तासांत मोजलाही जात नाही. त्यात माणसाने ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी हजर असणे हीच मुळात सेवा असते. महाराष्ट्रात या प्रकाराचे ठळक उदाहरण बेने इस्राएल समाजाच्या प्रार्थनास्थळांत आढळते. विदर्भातील वाचकाला हा समाज दूरचा वाटणे स्वाभाविक आहे, कारण त्याची मूळ वस्ती राज्याच्या दुसऱ्या टोकाला, रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीत आहे. तथापि त्याच्यापुढील प्रश्न कोणत्याही लहान समाजाला, लहान गावाला आणि लहान संस्थेला परिचित वाटावा असा आहे.

२. बेने इस्राएल समाज : अल्प परिचय

समाजाच्या परंपरेनुसार फार प्राचीन काळी अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यापाशी एक जहाज फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच बचावले. त्यांनी किनाऱ्याला लागलेली आपल्या सोबत्यांची प्रेते तेथेच पुरली आणि आसपासच्या गावांत वस्ती केली. नवगाव येथील दफनभूमी व तेथील स्मारक आजही समाजाच्या श्रद्धेचे स्थान आहे. या आख्यायिकेचा ऐतिहासिक पुरावा हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होय. मात्र समाजाने आपल्या आरंभाची जी कथा जपली, तिच्यातील पहिली सामुदायिक कृती मृतांचे दफन ही आहे, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षणीय ठरते.

कोकणात या मंडळींनी तेल गाळण्याचा व्यवसाय स्वीकारला. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. गावांच्या नावांवरून दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, राजपूरकर अशी आडनावे रूढ झाली. त्यांची घरची भाषा मराठी झाली. हिब्रू ग्रंथांशी संपर्क दीर्घकाळ तुटलेला असतानाही शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशी सुंता, आहाराचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी टिकविली.

या समाजाला परंपरेने स्वतःचा रब्बी, म्हणजे विधिवत दीक्षित धर्मगुरू, नव्हता. धर्माचे कार्य जाणत्या गृहस्थांनीच चालविले. ही वस्तुस्थिती लक्षात घेतली म्हणजे येथे स्वयंसेवेला एवढे महत्त्व का आले, हे उलगडते.

३. सेवेचा धार्मिक आधार

ज्यू धर्मविचारात ‘स्वयंसेवा’ या शब्दाला तंतोतंत जुळणारी कल्पना आढळत नाही. तेथील मध्यवर्ती संकल्पना ‘मित्स्वा’ ही आहे. मित्स्वा म्हणजे आज्ञा. रुग्णाची विचारपूस करणे, पाहुण्याला आसरा देणे, मृताला अखेरची सोबत करणे ही कामे करणाऱ्याच्या इच्छेवर सोडलेली नाहीत. ती त्याच्यावरील कर्तव्ये आहेत. मात्र त्यांचा मोबदला अपेक्षित नाही. ही सेवा विनावेतन आहे, पण ऐच्छिक नाही. आधुनिक अर्थाने स्वयंसेवक ‘मी वेळ देतो’ असे म्हणतो. मित्स्वा मानणारा मनुष्य ‘तो वेळ माझा नव्हताच’ असे मानतो.

याच संदर्भात आणखी दोन संज्ञांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. ‘त्सेदाका’ हा शब्द न्याय या अर्थाच्या धातूपासून आला असून त्याचा व्यवहारातील अर्थ दान असा होतो. ‘गेमिलुत हसादीम’ म्हणजे दयाबुद्धीने केलेली कृती. ताल्मूदमधील विवेचनानुसार दुसरी गोष्ट पहिलीहून तीन बाबतींत श्रेष्ठ ठरते. दान पैशाने होते, तर दयाकृती पैशाने व देहाने दोन्ही प्रकारे होते. दान गरिबाला देता येते, तर दयाकृती गरीब व श्रीमंत दोघांसाठी करता येते. दान जिवंतांपुरते असते, तर दयाकृती मृतांसाठीही करता येते. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मैमोनिदेस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. घेणाऱ्याला पुन्हा मागण्याची वेळच येऊ नये, अशा रीतीने त्याला स्वावलंबी करणे ही त्यांतील सर्वोच्च पायरी होय.

मृताची सेवा हे या विचाराचे टोकाचे उदाहरण आहे. प्रेताला विधिपूर्वक स्नान घालणे, साधे पांढरे कफन नेसविणे, रात्रभर जवळ बसणे आणि दफन करणे ही कामे ज्यू समाजांत परंपरेने समाजबांधवच करीत आले आहेत. जगभर अनेक ठिकाणी त्यासाठी ‘हेवरा कदीशा’ नावाची मंडळे असतात. या सेवेला ‘खरी दया’ म्हटले जाते, कारण ज्याची सेवा केली तो तिची परतफेड कधीही करू शकत नाही.

४. मिन्यान : उपस्थिती हीच सेवा

पारंपरिक ज्यू नियमानुसार सामुदायिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष हजर असावे लागतात. या गणसंख्येला ‘मिन्यान’ म्हणतात. प्रार्थना एकट्यानेही करता येते. मात्र सेफेर तोरा, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, बाहेर काढून तिचे विधिवत सार्वजनिक वाचन करणे आणि ‘कद्दीश’ म्हणणे या गोष्टी मिन्यानशिवाय होत नाहीत.

कद्दीश ही प्रार्थना आईवडिलांच्या मृत्यूनंतर पुत्र परंपरेने अकरा महिने म्हणतो आणि पुढे दरवर्षी पुण्यतिथीला म्हणतो. शोकाकुल माणसाला आपल्या पित्यासाठी कद्दीश म्हणावयाची असेल तर त्याला इतर नऊ माणसांची गरज असते. त्या नऊ जणांनी काही बोलावे, काही द्यावे अथवा विद्वान असावे, अशी अट नाही. त्यांनी फक्त यावे लागते. नऊ विद्वान जमले तरी मिन्यान होत नाही आणि दहावा साधा कारागीर आला की ते पूर्ण होते. या नियमामुळे समाजातील प्रत्येक माणसाच्या उपस्थितीला समान मोल प्राप्त होते. त्याचबरोबर प्रत्येकाच्या अनुपस्थितीचे ओझे इतर सर्वांवर पडते.

लहान वस्तीत या नियमाला आणखी एक व्यावहारिक अडचण येऊन मिळते. पारंपरिक नियमानुसार शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंतचा काळ, वाहनाने प्रवास करण्यास निषिद्ध आहे. म्हणून मिन्यानसाठी परगावहून येणाऱ्याने नियम काटेकोर पाळावयाचे ठरविल्यास त्याला शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी पोहोचावे लागते आणि तेथेच मुक्काम करावा लागतो. एका तासाच्या प्रार्थनेमागे दीड दिवसाचा वेळ, घरची गैरसोय आणि यजमानाची व्यवस्था उभी असते. सेवेच्या तासांच्या कोणत्याही हिशेबात हा वेळ बसत नाही.

५. प्रार्थनास्थळांचा कारभार

बेने इस्राएल समाजाचे पहिले सिनेगॉग ‘शार हा रहमीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’, मुंबईत मांडवी भागात १७९६ साली उभे राहिले. ते बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुखरूप सुटल्यास प्रार्थनास्थळ बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, असे परंपरा सांगते. पुढे सेफेर तोरा आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि तेथेच त्यांचा मृत्यू झाला. समाजाच्या पहिल्या प्रार्थनास्थळाचा आरंभ अशा रीतीने एका व्यक्तीने केलेल्या सेवेतून झाला. बेने इस्राएल मंडळी आपल्या प्रार्थनास्थळाला मराठीत ‘मशीद’ म्हणत. मशीद बंदर या नावाचा उगम याच वास्तूत आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

एकोणिसाव्या शतकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण व ठाणे येथे सिनेगॉग स्थापन झाले. अलिबागचे ‘मागेन अबोथ’ १८४८ चे, तर ठाण्याचे ‘शार हशमायिम’ १८७९ चे आहे. या प्रार्थनास्थळांचा कारभार पाहणाऱ्या पदाधिकाऱ्यांची नावे मोठी बोलकी आहेत. समाजाचा प्रमुख तो मुकादम, त्याचा साहाय्यक चौगुला, खजिनदार तो गबाई, प्रार्थना चालविणारा हज्जान आणि वास्तूची व्यवस्था पाहणारा समाश. मुकादम व चौगुला हे शब्द महाराष्ट्रातील ग्रामव्यवस्थेतून आले, तर गबाई, हज्जान व समाश हे हिब्रू परंपरेतून. यांपैकी हज्जान व समाश यांना ठिकठिकाणी अल्पस्वल्प मानधन मिळे. बाकीची पदे मानाची आणि बिनपगारी होती. आजही सार्वजनिक न्यासाच्या स्वरूपात चालणाऱ्या प्रार्थनास्थळांत हिशेब, लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांकडील कागदपत्रे, इमारतीची डागडुजी आणि दफनभूमीचे कुंपण ही कामे विश्वस्तांना आपली नोकरी-धंदा सांभाळून करावी लागतात.

सेवेचा परीघ प्रार्थनास्थळापुरता मर्यादित राहिला नाही. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजातील मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून प्रसिद्ध झाली. आज तेथील बहुसंख्य विद्यार्थी ज्यूतर समाजांतील आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी शिक्षकी पेशा सांभाळून हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्याचे कार्य केले. त्यामुळे हिब्रू न जाणणाऱ्या समाजबांधवाला आपण काय म्हणतो याचा बोध झाला. १८८० च्या सुमारास समाजातील उत्साही मंडळींनी बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने रचून ती करावयास आरंभ केला. कीर्तनाची मांडणी महाराष्ट्राची आणि आख्यान मोशे अथवा योसेफाचे, असा हा मेळ होता.

स्त्रियांच्या सेवेचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. पारंपरिक नियमात त्यांची मिन्यानमध्ये गणना होत नाही. परंतु एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या स्मरणार्थ होणाऱ्या ‘मलिदा’ विधीसाठी पोहे, खोबरे, साखर, सुकामेवा व फळे यांची तयारी, सणांचा स्वयंपाक, शोकग्रस्त घरी अन्न पोहोचविणे आणि मुलींचे शिक्षण ही कामे त्यांनीच पेलली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत समाजाचे स्त्री मंडळही कार्यरत झाले. जी सेवा मोजली जात नाही तीवरच मोजली जाणारी सेवा उभी असते, असे येथे म्हणावे लागते.

६. संख्याऱ्हास आणि सेवेची मर्यादा

१९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत ही संख्या ४,६५० वर आली. त्यांपैकी २,४६६ महाराष्ट्रात होते. या घटीचे प्रमुख कारण १९४८ नंतर इस्राएलकडे झालेले स्थलांतर हे होय. भारतात छळ झाला म्हणून हा समाज गेला नाही, ही बाब समाजातील मंडळी आवर्जून सांगतात. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे विवाहनोंदणी, शैक्षणिक संस्था व शासकीय योजना यांबाबतचे मार्ग सुकर होण्यास मदत झाली. मात्र शासकीय दर्जाने मिन्यान पूर्ण होत नाही.

या परिस्थितीत प्रार्थनास्थळासाठी लागणाऱ्या सेवेचे चार भाग करून पाहणे उपयुक्त ठरते.

(अ) धनरूप सेवा : ही समाजाबाहेरूनही मिळू शकते. मुंबईतील काळा घोडा परिसरातील १८८४ च्या ‘केनेसेथ एलियाहू’ या बगदादी ज्यूंच्या सिनेगॉगचे जतनकार्य २०१९ मध्ये पूर्ण झाले. त्यामागे वारसा-जतन संस्था व उद्योगसमूहाचे साहाय्य होते.

(आ) श्रमरूप सेवा : हीदेखील इतरांकडून मिळू शकते. महाराष्ट्रातील काही सिनेगॉगची देखभाल अन्य धर्मीय, त्यांत मुस्लीमही, व्यक्ती व कुटुंबे वर्षानुवर्षे करीत आली आहेत. शब्बाथला दिवा पेटविण्यासही मनाई असल्यामुळे त्यांच्या कामाचे मोल अधिकच आहे. यांतील अनेकांना वेतन मिळते. परंतु आपुलकीचा अंश वेतनात बसत नाही.

(इ) ज्ञानरूप सेवा : हज्जान, धर्मशिक्षक आणि हिब्रूचे जाणकार काही काळासाठी बाहेरून येऊ शकतात. पूर्वी कोचीनहून धर्मशिक्षक कोकणात आले होते. आता इस्राएलमधून व अन्य देशांतून येतात.

(ई) उपस्थितिरूप सेवा : ही मात्र समाजाबाहेरील व्यक्तीला करता येत नाही. शेजारी कितीही स्नेहशील असला तरी तो दहावा होऊ शकत नाही. म्हणून सणासुदीला मुंबई-ठाण्याची मंडळी कोकणातील आपल्या मूळ गावांच्या सिनेगॉगमध्ये जातात, तेव्हा ते केवळ भाविक नसतात. त्या स्थळाला त्या दिवसापुरते प्रार्थनास्थळ म्हणून जिवंत ठेवणारे ते स्वयंसेवक असतात.

या संदर्भात इतिहासाने घडविलेला एक पालट उल्लेखनीय आहे. एके काळी काही बगदादी ज्यू मंडळी बेने इस्राएलींच्या धार्मिक शुद्धतेविषयी शंका घेत आणि त्यांना मिन्यानमध्ये गणण्यास तयार नसत. आज बगदादी समाज भारतातून जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि त्यांनी बांधलेल्या मुंबई-पुण्यातील वास्तूंमध्ये प्रार्थना चालू राहण्यास बेने इस्राएलींचा मोठा आधार आहे. ज्यांची गणना नाकारली गेली, त्यांच्याच उपस्थितीने आता गणसंख्या पूर्ण होते. सामाजिक प्रतिष्ठेच्या निकषावर माणसे वगळणाऱ्या कोणत्याही समाजाने यावर विचार करावा.

अर्थात या व्यवस्थेतही ताण आहेत. तेच ते मोजके लोक विश्वस्त, हज्जान, दफनाची व्यवस्था पाहणारे आणि मिन्यानचे नियमित सदस्य अशा सर्व भूमिका पार पाडतात. वय वाढत जाते, पण सुटी मिळत नाही. नोकरीच्या शनिवारच्या पाळ्या, महानगरातील अंतरे आणि तरुणांचे स्थलांतर यांमुळे भार अधिक वाढतो. सेवा कर्तव्य मानली की ती टिकाऊ होते हे खरे. परंतु कर्तव्य वाटून घेणारे कमी झाले की तेच कर्तव्य थकवणारे ठरते. या समाजाच्या भवितव्याचा विचार करताना ही बाजू डोळ्याआड करता येणार नाही.

७. समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे स्पष्ट होते की, वास्तूचे जतन आणि समाजाचे सातत्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी निधी, कारागीर आणि कायदा पुरेसा होतो. दुसरीसाठी माणसांनी येत राहावे लागते. एखादे सिनेगॉग उत्तम रंगरंगोटी होऊनही संग्रहालय बनू शकते आणि पोपडे निघालेल्या भिंतींमध्येही दहा माणसे जमली की ते प्रार्थनास्थळ राहते.

महाविद्यालयीन क्षेत्राच्या दृष्टीने यातून दोन मुद्दे पुढे येतात. पहिला मुद्दा मोजमापाचा आहे. विद्यार्थ्यांच्या सेवेची नोंद तासांत करणे प्रशासकीयदृष्ट्या अपरिहार्य आहे. मात्र आजाऱ्याजवळ बसणे, शोकाच्या घरी जाणे, गावच्या सभेला गणपूर्तीसाठी हजर राहणे अशी ‘केवळ उपस्थिती’ हीदेखील सेवा आहे, हे त्यांना शिकविले गेले पाहिजे. दुसरा मुद्दा दस्तऐवजांचा आहे. बेने इस्राएल समाजाची प्रार्थनापुस्तके, कीर्तने, सभांची इतिवृत्ते आणि थडग्यांवरील लेख यांचा मोठा भाग मराठीत आहे. समाजाच्या विश्वस्तांच्या अनुमतीने या साहित्याचे वाचन, छायाचित्रण व सूचीकरण करण्याचे काम इतिहास आणि मराठी विभागांचे विद्यार्थी करू शकतात. ते दहावे होऊ शकणार नाहीत. परंतु दहा जण कशासाठी जमत होते, हे त्यांच्याच भाषेत नोंदवून ठेवणे त्यांना निश्चितच शक्य आहे. हे काम जाणती पिढी हयात आहे तोवरच करणे अगत्याचे आहे.